जास्त कोअर म्हणजे जास्त स्पीड नव्हं: गेमिंग, कामाचा पीसी आणि सर्व्हरचे प्रोसेसर

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात मला दोन प्रश्न आले आणि दोन्ही एकमेकांच्या बरोब्बर उलटे. गडहिंग्लजचा मामेभाऊ फोनवर म्हणाला, "दादा, दोन झिऑन (इंटेलचे सर्व्हरचे प्रोसेसर) बसवलेला जुना सर्व्हर मिळतोय, २८ कोअर आणि ५६ थ्रेड, गेमिंगला घेऊन टाकू काय? परत पाच वर्षं बघायला नको." आणि शिरोली एमआयडीसीत मी जिथं कास्टिंग सिम्युलेशनचं काम बघतो तिथले आमचे मालक म्हणाले, "गेमिंगचा प्रोसेसर सगळ्यात फास्ट असतोय म्हणं, तोच बसवूया की आपल्या सिम्युलेशनला." दोघांनाही मी नको म्हटलं. दोघांनाही ते लगेच पटलं नाही आणि त्यात त्यांची काही चूक नाही, कारण दुकानात गेलं की दोनच आकडे सांगतात, कोअर किती आणि गिगाहर्ट्झ (म्हणजे ठोक्यांचा वेग) किती, आणि ज्याचा आकडा मोठा तो भारी. म्हणून म्हटलं हे एकदा नीट लिहूनच काढूया.

पहिला कोअर म्हणजे काय ते. आमच्या फौंड्रीत कोअर म्हटलं की आधी वाळूचा कोअर आठवतोय, पण प्रोसेसरमधला कोअर म्हणजे काम करणारा एक कारागीर समजा. ८ कोअर म्हणजे आठ कारागीर. थ्रेड म्हणजे त्या एका कारागिराच्या पुढ्यात दोन कामं ठेवायची, एकाचं सामान यायचं थांबलंय तोवर तो दुसऱ्याला हात लावतोय. त्यामुळं १६ थ्रेड म्हणजे सोळा माणसं नव्हेत, माणसं आठच, फक्त ती रिकामी कमी बसतात.

आता कारागीर वाढवले की काम वाढतंय का? इथंच सगळी गोम आहे. एक ऑर्डर घ्या. एकट्या माणसाला सगळे साचे तयार करायला ९ तास लागतात, आणि सगळे साचे एकदम ओतल्यावर कास्टिंग गार व्हायला १ तास. एकूण १० तास. मोल्डिंगला ९ माणसं लावली तर साचे १ तासात होतात, गार व्हायला १ तास, म्हणजे २ तासात काम. माणसं नऊपट आणि वेग पाचपटच. ९० माणसं लावली तर मोल्डिंग ६ मिनिटांत उरकेल पण गार व्हायचा तास तसाच राहणार, म्हणजे ६६ मिनिटं. आणि ९०० माणसं आणून उभी केली तरी तासाच्या आत काम होणार नाही, कारण लोखंड गार व्हायला माणसांचा काही संबंधच नाही. हेच जीन अ‍ॅमडाल या कॉम्प्युटर इंजिनिअरनं १९६७ मध्ये मांडलं होतं, त्याला अ‍ॅमडालचा नियम म्हणतात: कामाचा जो भाग वाटता येत नाही तो तुमच्या वेगाची हद्द ठरवतोय. वाटता न येणारा भाग १० टक्के असेल तर कितीही कोअर लावा, दहापटीच्या वर जाता येत नाही.

मग प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्यांपुढं दोन वाटा असतात. थोडे कारागीर ठेवायचे पण एकेकाचा हात एकदम चपळ, नाहीतर ढीगभर ठेवायचे पण प्रत्येकाचा हात जरा हळू. हळू का, तर वीज आणि उष्णता. एका चिपमधनं किती वॅट काढायचे त्याला मर्यादा आहे आणि ते सगळ्या कोअरमध्ये वाटले जातात. एएमडीचा सर्व्हरचा प्रोसेसर एपिक ९९६५ बघा, ऑक्टोबर २०२४ चा, १९२ कोअर आहेत, ५०० वॅट खातोय आणि जास्तीत जास्त ३.७ गिगाहर्ट्झवर जातोय. त्याच कंपनीचा गेमिंगचा रायझन ७ ९८००एक्सथ्रीडी त्याच्या पुढच्याच महिन्यात आला, ८ कोअर, १२० वॅट, ५.२ गिगाहर्ट्झ. बाजारात आले तेव्हा पहिल्याची कंपनीची किंमत १४,८१३ डॉलर होती आणि दुसऱ्याची ४७९. आणि गेममध्ये हा ४७९ वाला त्या चौदा हजारवाल्याला सहज मागं टाकतोय. इतका महाग आणि तरी मागं, हे डोक्यात शिरायला मलाही सुरवातीला वेळ लागला होता.

गेममध्ये असं का होतं ते सांगतो. सेकंदाला १४४ फ्रेम (चित्रं) दाखवणारा मॉनिटर असेल तर एक फ्रेम तयार करायला फक्त ७ मिलिसेकंदाच्या आतबाहेर वेळ मिळतोय. तेवढ्यात तुम्ही कुठलं बटण दाबलं ते बघायचं, कोण कुठं पळतोय, गोळी कुणाला लागली, गाडी कशाला धडकली हे ठरवायचं, आणि मग ग्राफिक्स कार्डाला सांगायचं की आता हे चित्र काढ. यातल्या बऱ्याच गोष्टी एकामागनं एकच होतात, गोळी लागली का हे कळल्याशिवाय माणूस पडला हे दाखवता येत नाही. म्हणून बहुतेक गेममध्ये एक मुख्य थ्रेड (इथं थ्रेड म्हणजे कामाची एक सलग साखळी) असतोय, सगळा भार त्याच्यावर, आणि बाकीचे चार-सहा थ्रेड त्याला हातभार लावतात. शिवाय गेम बनवणारे लोक प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स डोळ्यासमोर ठेवून गेम बनवतात, आणि त्या दोन्हीत ८ कोअरच आहेत. मग तुमचा नववा आणि त्याच्या पुढचा प्रत्येक कोअर गेममध्ये नुसता बसून राहणार की.

मी भावाला म्हटलं, माझं ऐकू नको, त्या सर्व्हरवर गेम लावून बघ. बिचारा खरंच विकणाऱ्याकडं गेला, त्याला विनंती करून गेम चालू केला आणि मला टास्क मॅनेजरचा फोटो पाठवला. ही ट्रिक तुम्हीपण करा: टास्क मॅनेजर उघडायचा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जायचं, ग्राफवर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर्स निवडायचं, की प्रत्येक थ्रेडचा वेगळा चौकोन दिसतोय. त्याच्या फोटोत ५६ चौकोन, त्यातले सात-आठ हलत होते, एक सारखा वर टेकलेला आणि बाकीचे सगळे तळाला सपाट. वर एकूण वापर तेरा टक्के. तो म्हणतोय "बघ दादा, प्रोसेसरला काहीच लोड नाही, तरी गेम का अडकतोय?" अरे पण ५६ थ्रेडमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तर तो एकूणच्या पावणेदोन टक्केच होतोय ना. तेरा टक्के वाचून मोकळं वाटतंय खरं, पण ज्या एका माणसावर काम अडलंय तो घामाघूम झालेला असतोय. (विंडोज काम या कोअरवरनं त्या कोअरवर फिरवत राहतंय, त्यामुळं कधी एकच चौकोन भरलेला न दिसता दोन-तीन अर्धे अर्धे दिसतात, मतलब तोच.) आणि हे बघताना ग्राफिक्स कार्डाचा वापरपण बघायचा. तो ९७-९८ टक्क्यांवर असेल तर प्रोसेसर बदलून काहीच मिळणार नाही, अडलंय कार्डाशी. फोरकेवर खेळणाऱ्यांचं बहुतेक असंच असतंय, म्हणून फोरकेवर सगळे चांगले प्रोसेसर जवळपास सारखेच वाटतात आणि १०८० पिक्सेलवर फरक उघडा पडतोय.

आता कॅश. मला विचाराल तर गेमिंगमध्ये गेल्या काही वर्षांतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, गिगाहर्ट्झपेक्षाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणारा मिस्त्री बघा, लागणारी टूल्स त्याच्या हाताशी टेबलावर असतात, त्याच्या मागं वर्कशॉपचं स्टोअर, आणि तिथंपण नसेल तर लक्ष्मीपुरीच्या बाजारात माणूस पाठवायचा. टेबल म्हणजे कॅश, प्रोसेसरच्या आतलीच लहान पण फास्ट मेमरी, आणि लक्ष्मीपुरी म्हणजे रॅम. एल३ कॅशमधनं (कॅशचा सगळ्यात मोठा थर) माहिती यायला साधारण १० नॅनोसेकंद लागतात, रॅममधनं यायला ७०-८०, आणि सर्व्हर-वर्कस्टेशनच्या रजिस्टर्ड रॅमवर तर बऱ्याचदा १०० च्या वर. ५.२ गिगाहर्ट्झचा कोअर एका नॅनोसेकंदात पाच ठोके घेतोय, म्हणजे ८० नॅनोसेकंद वाट बघताना चारशेच्या वर ठोके फुकट गेले. गेममध्ये पुढच्या क्षणी कुठली माहिती लागणार ते आधी कळत नाही, त्यामुळं अशा खेपा सारख्या होतात. एएमडीनं २०२२ मध्ये ५८००एक्सथ्रीडीला प्रोसेसरच्या चिपवर कॅशचा अजून एक थर चढवला आणि एल३ कॅश ९६ एमबी झाली. ९८००एक्सथ्रीडीत तोच थर कोअरच्या खाली नेला, त्यामुळं कोअरची उष्णता सरळ कूलरला मिळायला लागली आणि क्लॉक, म्हणजे ठोक्यांचा वेग, वाढवता आला.

"मग थ्रेडरिपरला (एएमडीचा वर्कस्टेशनचा प्रोसेसर) तर २५६ एमबी कॅश आहे," असं कोणतरी म्हणणारच, मालकांनीपण विचारलं होतं. बरोबर आहे, थ्रेडरिपर ७९८०एक्सला २५६ एमबी आहे. पण तो प्रोसेसर एक सलग चिप नाही, आठ-आठ कोअरच्या आठ लहान चिप एका पाटावर बसवल्यात आणि प्रत्येकीची स्वतःची ३२ एमबी. म्हणजे आठ वेगवेगळ्या वर्कशॉपमध्ये आठ टेबलं. गेमचा मुख्य थ्रेड ज्या वर्कशॉपमध्ये आहे त्याच्या हाताशी ३२ एमबीच, शेजारच्या टेबलावरनं आणायचं म्हटलं तर रस्ता ओलांडून जायला लागतंय. ९८००एक्सथ्रीडीत मात्र आठही जणांच्या हाताशी तेच ९६ एमबीचं टेबल.

या रस्ता ओलांडण्याचा सगळ्यात मोठा धडा थ्रेडरिपर २९९०डब्ल्यूएक्सनं दिला. ऑगस्ट २०१८, ३२ कोअर, तेव्हा घरच्या पीसीला ३२ कोअर म्हणजे केवढं अप्रूप होतं! आत चार चिप होत्या पण रॅमच्या वायरी दोघींनाच जोडलेल्या. उरलेल्या दोन चिपमधल्या १६ कोअरना रॅममधलं काही हवं असेल तर शेजारणीला मागायचं. रेंडरला (थ्रीडी मॉडेलचं पक्कं चित्र काढायच्या कामाला) हा प्रोसेसर पळायचा, पण गेमला आणि बऱ्याच साध्या कामांना १६ कोअरचा भाऊबंद त्याच्यापेक्षा बरा ठरायचा. काही जुने गेम तर इतके थ्रेड बघून चालूच व्हायचे नाहीत, म्हणून एएमडीनं गेम मोड दिला होता, त्याचं काम एवढंच की बरेचसे कोअर बंद करून टाकायचे. पैसे देऊन घेतलेले कोअर गेमसाठी कंपनीच बंद करायला सांगते, यापेक्षा सरळ उत्तर काय असणार. पुढं २०१९ च्या थ्रेडरिपरपासनं रॅमचं काम मधल्या एका वेगळ्या चिपकडं गेलं आणि ही भानगड बरीच मिटली, पण अंतर संपलं नाही. भावाच्या त्या दोन झिऑनच्या सर्व्हरला तर दोन सॉकेट (प्रोसेसर बसवायच्या जागा), रॅम दोन्हीकडं वाटलेली, म्हणजे रस्ता अजून लांब.

एवढं वाचून सर्व्हरचे प्रोसेसर वाईट असं वाटायला लागलं असेल तर थांबा, आता मालकांची बाजू.

आम्ही जे सिम्युलेशन करतो त्यात रस साच्यात कसा भरतोय, कुठं आधी गोठतोय, कुठं आत पोकळी राहील हे कास्टिंग ओतायच्या आधी बघतो. कास्टिंगचे लाखो लहान लहान घन तुकडे करायचे आणि प्रत्येकाचं तापमान पुन्हा पुन्हा काढायचं. हे काम वाटता येतंय, एवढे तुकडे तुझे, तेवढे माझे. पण माहिती एवढी प्रचंड असते की कुठल्याच कॅशमध्ये मावत नाही, सगळं सतत रॅममधनं आणायचं. इथं एक खेप किती लवकर येते त्यापेक्षा एका वेळी ट्रक किती भरून येतो हे महत्त्वाचं, आणि तो हिशेब रॅमच्या चॅनेलवर (रॅमपासनं प्रोसेसरपर्यंत रस्ते किती त्यावर) असतोय. साध्या रायझन किंवा कोअर प्रोसेसरला दोन चॅनेल, डीडीआर५-५६०० रॅम लावली तर सेकंदाला ८९.६ जीबी. थ्रेडरिपर ७००० ला चार चॅनेल, ५२०० च्या रॅमवर १६६.४ जीबी. थ्रेडरिपर प्रोला आठ चॅनेल, त्याच रॅमवर ३३२.८. एपिक ९००४ ला बारा चॅनेल, ४८०० वर ४६०.८ जीबी. म्हणजे गेमिंगच्या प्रोसेसरमध्ये कारागीर चपळ आहेत पण गेटातनं मालच येत नाही, सगळे हात बांधून उभे.

इथं एक चूक मी स्वतः बघितलीय आणि तिचा मला अजून राग येतो. ओळखीच्या एका वर्कशॉपनं चार चॅनेलचं वर्कस्टेशन घेतलं, विकणाऱ्यानं त्यात रॅमची ६४ जीबीची एकच काडी घालून दिली, "पुढं वाढवता येईल" म्हणून. चारपैकी एकच चॅनेल चालू, आणि वर्षभर ते लोक सॉफ्टवेअरला शिव्या घालत होते. १६ च्या चार काड्या घातल्या असत्या तर तेवढ्याच जीबीत गेट चौपट उघडलं असतं. वर्कस्टेशन घेणार असाल तर जितके चॅनेल तितक्या काड्या, हे बिलावर बघूनच पैसे द्या. आणि या प्लॅटफॉर्मला रजिस्टर्ड ईसीसी रॅम लागते, घरच्या पीसीची रॅम बसत नाही. ईसीसी म्हणजे रॅममध्ये एखादा बिट चुकून उलटला तर तो जागच्या जागी दुरुस्त होतो. गेममध्ये एक पिक्सेल चुकला तर कुणाला कळत नाही, पण चौदा तास चाललेला हिशेब तेराव्या तासाला बिघडला तर काय होतं ते आम्हाला विचारा. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे चढले की आता बजेट धरताना आधी रॅम धरायची आणि मग प्रोसेसर.

अजून एक गोष्ट जी दुकानात कोण सांगत नाही: सिम्युलेशनच्या बऱ्याच सॉफ्टवेअरचं लायसन कोअर मोजून असतं. जास्त कोअर घेतले की दरवर्षी लायसनचं बिलपण वाढतंय, आणि ते बिल कधी कधी मशीनपेक्षा मोठं असतंय. त्यासाठीच एपिकमध्ये ९१७५एफ सारखा प्रोसेसर आहे, सर्व्हरचा असून फक्त १६ कोअर, ५ गिगाहर्ट्झ, पण ५१२ एमबी कॅश आणि बारा चॅनेल. पहिल्यांदा वाचल्यावर वाटतं एवढ्या मोठ्या चिपवर सोळाच कोअर का, पण ज्याला लायसन भरावं लागतं त्याला लगेच कळतं.

बाकीच्या कामांचं पटकन सांगतो. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल बनवणं, फोटोशॉप, टॅली, एक्सेल, ही सगळी बहुतेक एका थ्रेडची कामं, इथं थ्रेडरिपर म्हणजे पैसे वाया. आर्किटेक्ट लोक कोरोना नावाचं रेंडरचं सॉफ्टवेअर वापरतात, ते सीपीयूवरच रेंडर करतं आणि तिथं प्रत्येक कोअर कामाला येतोय, २४ किंवा ३२ कोअर घेतले तर पैसे वसूल. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यानं मात्र आधी चांगलं ग्राफिक्स कार्ड घ्यावं, कार्डावर रेंडर खूप लवकर होतं. आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे आपल्याकडं खूप आहेत, त्यांच्यासाठी खास: तुमचा कॅमेरा १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये शूट करत असेल तर टाइमलाइन अडकते ती कोअर कमी म्हणून नाही, तो फॉरमॅट उलगडणारं हार्डवेअर नाही म्हणून. इंटेलच्या ११ व्या पिढीपासनं आतल्या ग्राफिक्समध्ये ते आहे, एनव्हिडियानं ते २०२५ च्या आरटीएक्स ५० सिरीजपासनं दिलंय, आणि थ्रेडरिपरमध्ये तर आतलं ग्राफिक्सच नाही. पाच लाखाच्या मशीनपेक्षा साधा कोअर आय७ टाइमलाइनवर गुळगुळीत चालतो तो यामुळं. तो घेताना मॉडेलच्या शेवटी एफ नाही ना एवढं बघा, एफवाल्यात ते ग्राफिक्स बंद असतं.

दिवसा काम आणि रात्री गेम असं ज्यांचं आहे त्यांना मी सरळ १६ कोअरचा रायझन ९ ९९५०एक्सथ्रीडी सांगतो. त्याच्या दोन चिपपैकी एकीवरच जादा कॅश आहे, गेम चालू झाला की विंडोजनं तो त्याच चिपवर ठेवायला लागतोय, म्हणून एएमडीचा चिपसेट ड्रायव्हर टाकायला विसरू नका. थ्रेडरिपरकडं जायची वेळ कधी येते, तर दोन-तीन ग्राफिक्स कार्ड लावायची असतील, १९२ किंवा २५६ जीबीच्या वर रॅम लागत असेल, नाहीतर रेंडर-सिम्युलेशन हाच रोजचा धंदा असेल. साध्या रायझनला वापरता येणाऱ्या २४ पीसीआयई लेन (ग्राफिक्स कार्डासारख्या गोष्टी जोडायचे रस्ते) असतात, थ्रेडरिपर प्रोला १२८. आणि यूपीएस बघा. थ्रेडरिपरचा एकटा प्रोसेसर ३५० वॅट घेतो, आणि दुकानात मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतोय, लाइट गेली की मशीन जागेवर बसणार.

जुना सर्व्हरचा माल घ्यायचाच असेल तर. भावाच्या त्या सर्व्हरमध्ये झिऑन ई५-२६८० व्ही४ होते, २०१६ चे, १४ कोअरचा एकेक, जोर लावून ३.३ गिगाहर्ट्झ. २०२२ चा ६ कोअरचा कोअर आय५-१२४००एफ ४.४ वर जातो आणि गेममध्ये त्याला फार मागं टाकतो. विंडोज ११ च्या यादीत हे झिऑन नाहीत आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बाजारात इंजिनिअरिंग सॅम्पलपण फिरतात, कंपनीनं टेस्टिंगला दिलेल्या चिप, त्यांचा क्लॉक कमी असू शकतो आणि वॉरंटी नसते, चिपवरचं मार्किंग वाचून घ्या. आणि जुना एपिक किंवा थ्रेडरिपर प्रो नुसता सुटा घेत असाल तर विचारा की तो कुठल्या मशीनमधनं काढलाय, कारण काही कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये प्रोसेसर एकदा चालू झाला की तो त्या कंपनीच्याच बोर्डाशी कायमचा बांधला जातो. दुसऱ्या बोर्डावर तो चालू होत नाही आणि ते कुलूप परत काढता येत नाही. विकणाऱ्याला तुमच्याच बोर्डावर लावून दाखव म्हणायचं, नाही म्हणाला तर उठायचं.

मालकांनी शेवटी २४ कोअरचा थ्रेडरिपर घेतला, चारही चॅनेल भरून. आधीचं मशीन रात्री लावलं की दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर द्यायचं, आता सकाळी कामावर येतो तेव्हा उत्तर तयार असतंय आणि पॅटर्नमध्ये बदल करायला आख्खा दिवस हातात राहतोय. भाऊ त्या आय५ वर आलाय, वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालणार म्हणतोय, रविवारी कोल्हापूरला येतोय, तेव्हा राजारामपुरीत जाऊन कार्ड बघायचं ठरलंय.